व्यसनमुक्तीची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये का नाही?

कोपऱ्यावरचे मेडिकल सकाळी नऊला उघडते आणि रात्री दहाला बंद होते. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, नेब्युलायझरचे औषध सारे तेथे मिळते. गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर झोपेची गोळीही चिठ्ठी न बघता पुढे सरकवली जाते. ते चूक आहे, पण घडते. ब्राऊन शुगरच्या विळख्यातून माणसाला बाहेर ठेवणारी, जिभेखाली विरघळवायची ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी मात्र तेथे मिळत नाही. कारण कायद्याने ती तेथे ठेवताच येत नाही. व्यसनाच्या उपचारासाठीच्या या गोळीला देशात परवानगी मिळाली ती अटीसह : पुरवठा फक्त ठरवून दिलेल्या व्यसनमुक्ती केंद्रांनाच. शिवाय ब्युप्रेनॉर्फिनचे नाव अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे ‘एनडीपीएस’च्या यादीत आहे. त्यामुळे ज्याच्या वस्तीत पुडी पाच मिनिटांत मिळते, त्याला औषधासाठी एसटीने तालुका ओलांडावा लागतो.

ही अट जेव्हा घातली गेली तेव्हा तिच्यामागे विचार होता. तो आजही पूर्ण चुकीचा ठरलेला नाही. पण आता ती जशीच्या तशी ठेवण्याचे कारण उरलेले नाही. डॉक्टरने निदान करून औषध सुरू करावे, मात्रा बसवावी, आणि रुग्ण स्थिरावला की पुढचे रोजचे किंवा आठवड्याचे औषध देण्याचे काम प्रशिक्षित फार्मासिस्टकडे सोपवावे. सरसकट प्रत्येक दुकानात नव्हे. पण केंद्राच्या चार भिंतींतच ते कोंडून ठेवायचे, हेही आता पुरे.

आधी औषधाबद्दल, कारण त्याविषयी घराघरांत गैरसमज आहे. मराठी माणसाच्या मनात व्यसनमुक्ती म्हटले की एक चित्र उभे राहते : महिनाभर दाखल होणे, समूहात बोलणे, टर्की सोसणे, घरच्यांच्या भेटी. १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हापासून हे चित्र रुजले आहे. या मार्गाने हजारो संसार सावरले आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण दारूसाठी जो मार्ग पुष्कळांना पुरतो तो ब्राऊन शुगरला पुरेलच असे नसते. हेरॉइन, अफू, कोडीनचे सिरप, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सारी ओपिऑइड वर्गातली द्रव्ये. ती मेंदूतल्या ठरावीक ग्राहींवर बसतात, आणि वर्षानुवर्षे घेतली की मेंदूची घडणच त्यांच्याभोवती बसते. महिनाभर केंद्रात राहून शरीर ‘स्वच्छ’ होते, पण ओढ जात नाही. आणि एक धोका वाढतो : शरीराची सवय मोडलेली असते, म्हणून घरी परतल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो.

ब्युप्रेनॉर्फिन त्याच ग्राहींवर जाऊन बसते, घट्ट बसते, पण त्यांना अर्धवटच चालना देते. त्यामुळे टर्की येत नाही, ओढ कमी होते, वरून हेरॉइन घेतले तरी त्याचा फारसा परिणाम होत नाही. एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी श्वसनावरचा दाब त्या प्रमाणात वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण. सोबतचे नॅलोक्सोन जिभेखालून जवळपास शोषलेच जात नाही. पण कोणी गोळी विरघळवून शिरेतून टोचली तर ते जागे होते आणि टर्की उठवते. गैरवापर अवघड व्हावा म्हणून केलेली ही सोय आहे. मेथाडोन हे याच कामाचे दुसरे औषध, पातळ स्वरूपात पाजले जाणारे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवली आहेत. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप नातेवाईक हमखास घेतात. इन्सुलिनवर असलेल्या माणसाला कोणी इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही. रोज गोळी घेऊन जो कामावर जातो, पगार घरी आणतो, पोरांच्या शाळेत जातो, तो बरा होतो आहे.

मात्र ही गोळी घेत राहावी लागते. सगळी गोम येथे आहे. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मेथाडोनच्या उपचारात असलेल्या हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचार सुटलेल्यांत सुमारे ३६. ब्युप्रेनॉर्फिनचे आकडे ४ आणि ९ च्या आसपास. म्हणजे उपचार चालू राहण्यावर जीव अवलंबून आहे. आणि उपचार सुटतो कशाने? पुष्कळदा इच्छाशक्तीच्या अभावाने नव्हे, तर बसभाड्याने. यंत्रमागावर, बांधकामावर, रिक्षावर असलेल्या माणसाने केंद्रावर जाण्यासाठी अर्धा दिवस मोडायचा, मजुरी बुडवायची, रांगेत उभे राहायचे, आणि त्या रांगेत जुन्या संगतीतले चार जण भेटणार. पहिला महिना तो हे करतो. दुसऱ्या महिन्यात एक दिवस चुकतो, मग दोन. तिसऱ्या दिवशी टर्की उठते आणि पुडी जवळ असते.

हा प्रश्न इतरांनाही पडला. अमेरिकेत ओपिऑइडच्या साथीत काही वर्षे सर्व प्रकारच्या नशांच्या अतिमात्रेने मिळून दरवर्षी लाखाच्या वर माणसे मेली, तरीही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना वेगळा परवाना घ्यावा लागे. ती अट २०२२ च्या अखेरीस उठली. मेथाडोन तर व्यसनाच्या उपचारासाठी तेथे अजूनही खास क्लिनिकमधूनच मिळते. त्याच देशातल्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत जानेवारी २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापला. डॉक्टरांशी झालेल्या लेखी करारानुसार, प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टांनी औषधाच्या दुकानातच १०० रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिनवर घेतले. त्यांतले ५८ जण स्थिरावले. या ५८ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले : २८ जणांचा पुढचा उपचार दुकानातच, ३० जणांना नेहमीच्या क्लिनिककडे पाठवले. महिन्याभराने पाहिले तर दुकानाच्या गटातले २५ जण उपचारात टिकून होते. क्लिनिककडे पाठवलेल्यांपैकी पाच.

पंचवीस आणि पाच. अभ्यास लहान आहे, अवधी एका महिन्याचा आहे, शंभरातले ४२ जण गट पाडण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, हे सगळे मान्य. वर्षभराने काय झाले असते, ते यातून कळत नाही. पण इतका मोठा फरक केवळ योगायोगाने पडत नाही. औषध तेच होते. बदलली ती जागा, आणि काउंटरपलीकडचा माणूस.

ब्रिटनमध्ये हे नवे नाही. ग्लासगो शहरात १९९० च्या दशकात मेथाडोन औषधाच्या दुकानात फार्मासिस्टसमोर पिण्याची पद्धत पसरली. रुग्ण येतो, नाव सांगतो, पेल्यातले औषध फार्मासिस्टच्या देखत पितो, दोन शब्द बोलतो आणि कामाला जातो. त्या दोन शब्दांत फार्मासिस्ट बरेच काही टिपतो : आज डोळे जड आहेत का, दारूचा वास येतो का, बोलणे अडखळते का. संशय आला तर औषध थांबवून डॉक्टरला फोन. लागोपाठ तीन दिवस रुग्ण आला नाही तर चौथ्या दिवशी जुनी मात्रा द्यायची नाही, कारण तोवर सहनशक्ती उतरलेली असते. आधी डॉक्टरशी बोलायचे, असा तेथला दंडक आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या १९९३ ते २००८ या काळाच्या अभ्यासात, दिल्या गेलेल्या मेथाडोनच्या प्रमाणात त्यापासून होणारे मृत्यू चौपटीने घटल्याचे दिसले. देखरेखीत औषध देण्याचा प्रसार त्याच काळातला. डॉक्टर रुग्णाला महिन्यातून एकदा पाहतो, फार्मासिस्ट रोज. कोणाला आधी कळेल, हे वेगळे सांगायला नको.

फ्रान्सने आणखी मोकळा मार्ग घेतला. १९९६ पासून तेथे कोणताही साधा डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन लिहून देऊ लागला आणि गल्लीतल्या दुकानात ते मिळू लागले. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत तेथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. त्याचबरोबर गोळ्या कुटून टोचणारे, चार डॉक्टरांकडून चार चिठ्ठ्या मिळवणारे, गोळ्या विकणारेही निघाले. फ्रान्सच्या यशाचे दाखले देताना ही दुसरी बाजू सांगण्याचे टाळले जाते. ती सांगायला हवी, कारण आपल्याकडे पंजाबने तिची चव घेतली आहे. पंजाब सरकारने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण पद्धतीने ब्युप्रेनॉर्फिन देणारी केंद्रे उघडली. लाखो लोक नोंदले गेले, अनेकांचे हेरॉइन सुटले. पण गोळ्या बाहेर, बाजारात जाण्याच्या तक्रारीही आल्या, खासगी केंद्रांवर कारवाया झाल्या, बोटांच्या ठशांची नोंद सक्तीची करण्याकडे सरकारला वळावे लागले. टाळे पूर्ण काढून चालणार नाही, ते याचसाठी.

आता महाराष्ट्र. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या व्यसनासाठी मदतीची गरज होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. ‘आपल्याकडे तो पंजाबचा प्रश्न नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही यादी पाहावी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली केंद्रे ब्युप्रेनॉर्फिन मोफत देतात, पण ती सुई टोचून नशा करणाऱ्यांसाठी, आणि मोठ्या शहरांत एकवटलेली. पन्नीवर ओढणारा, सिरप पिणारा, गोळ्या खाणारा तेथे सहसा पोहोचत नाही.

मग मेडिकलवर सोपवायचे म्हटले की पहिला आक्षेप येतो तो खणखणीत आहे. ज्या दुकानांतून कोडीनचे सिरप पेटीने बाहेर जाते, जेथून अल्प्राझोलामच्या गोळ्या मालेगावच्या गल्ल्यांत ‘कुत्ता गोळी’ बनून पोहोचतात, नायट्राझेपाम ‘बटन’ म्हणून खपते, त्यांच्याच हाती ही गोळी द्यायची? भिंतीवर फ्रेममध्ये एकाचे प्रमाणपत्र, काउंटरवर बारावी नापास पोरगा, हे चित्र कोणाला ठाऊक नाही! १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचे औषध देता येत नाही. तरीही दहा-बारा वर्षांपूर्वी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच असा आग्रह धरला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवण्यापर्यंत मजल मारली होती.

आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा. वाईट दुकाने आहेत म्हणून चांगल्या फार्मासिस्टला दूर ठेवायचे, याने वाईट दुकान बंद होत नाही. उलट नोंदवही, ठराविक रुग्ण, रोजचा हिशेब आणि तपासणी यांच्यासह दिलेली गोळी ही आजच्या सिरपच्या व्यापारापेक्षा कितीतरी अधिक नजरेखाली राहील. यंत्रणा नव्याने शोधायचीही गरज नाही. २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ यादीतल्या औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरचे नाव, दिलेली संख्या यांची वेगळी वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. क्षयरोगाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणे २०१८ पासून औषध विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. ‘डॉट्स’च्या काळात तर रुग्णाला आपल्यासमोर गोळ्या गिळायला लावण्याचे काम आशाताईंपासून दुकानदारांपर्यंत अनेकांनी केले. क्षयरोगात जो माणूस विश्वासाचा ठरला, तो व्यसनाच्या रुग्णापुढे एकदम संशयित का व्हावा? आणि खरे बोलायचे तर संशय बराचसा रुग्णावर असतो. ‘गर्दुल्ला’ दुकानात येणार, चांगली गिऱ्हाइके पळणार, ही भीती दुकानदारही बोलून दाखवतील.

सुरुवात खासगी दुकानापासून करूच नये. ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी आहेत. ते सरकारी नोकर आहेत, साठ्याचा हिशेब त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाने रुग्ण तपासावा, औषध सुरू करावे. पहिली मात्रा डॉक्टरच्याच देखरेखीत हवी, कारण शरीरात हेरॉइन असताना ब्युप्रेनॉर्फिन दिले तर ते हेरॉइनला ग्राहींवरून ढकलून देते आणि जोरदार टर्की उठते. शेवटच्या नशेनंतर बारा तास किंवा अधिक जाऊन लक्षणे सुरू झाल्यावरच ती द्यायची असते. दोन-चार आठवड्यांत मात्रा बसली की रुग्णाचे नाव गावाजवळच्या केंद्रावर वळवावे. तेथला फार्मासिस्ट आधी रोज, समोर, जिभेखाली गोळी विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटे बसवून देईल. मग दोन दिवसांची, मग आठवड्याची. डॉक्टर महिन्यातून एकदा, दूरध्वनीवर किंवा पडद्यावर. कोविडच्या टाळेबंदीत एड्स नियंत्रणाच्या केंद्रांनी स्थिर रुग्णांना घरी न्यायला गोळ्या दिल्या होत्याच. हे जमले तर दुसऱ्या टप्प्यात निवडक खासगी दुकाने : जेथे फार्मासिस्ट खरोखर बसतो, जेथे आडोशाला एक खुर्ची ठेवता येते, आणि ज्याची वही कोणत्याही दिवशी उघडून पाहता येते. यासाठी पुरवठ्याच्या अटीत केंद्राने बदल करावा लागेल. राज्याने तो मागावा.

फार्मासिस्टच्या शिक्षणाचा प्रश्न दुय्यम नाही. डी.फार्म.च्या अभ्यासात औषधाची रसायने शिकवली जातात, पण टर्कीत थरथरणाऱ्या माणसाशी बोलायला कोणी शिकवत नाही. अल्प्राझोलाम किंवा दारूबरोबर ब्युप्रेनॉर्फिन घेतले तर श्वास दबू शकतो, हे ओळखायला. रुग्णाने गोळी गालात लपवली की विरघळवली, हे पाहायला. चार दिवसांनी परतलेल्या रुग्णाला न हिणवता डॉक्टरशी जोडून द्यायला प्रशिक्षण लागते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिलेलेच आहे. कागदावर. त्यासाठी त्याला वेळ आणि पैसा कोणी द्यायचा, हे कोणी लिहिलेले नाही. ब्रिटनमध्ये देखरेखीत दिलेल्या मात्रेमागे दुकानाला मोबदला मिळतो. आपल्याकडे गोळीच्या पट्टीवरच्या नफ्यावर हे काम कोणी करणार नाही, आणि केलेच तर जास्त गोळ्या खपवण्याकडे कल वळेल. म्हणून मोबदला विकलेल्या गोळ्यांवर नव्हे, तर उपचारात टिकलेल्या रुग्णामागे हवा.

या गोळीकडून भलत्या अपेक्षाही नकोत. राज्यात सध्या सर्वांत जास्त बातम्या येतात त्या एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या. ते उत्तेजक द्रव्य आहे; ब्युप्रेनॉर्फिनचा त्यावर उपयोग नाही, आणि त्याची ओढ घालवणारे मान्यताप्राप्त औषध आज कोठेच नाही. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही वेगळी औषधे आहेत. ती मेडिकलमध्ये मिळतात, पण डॉक्टरांकडून लिहूनच कमी दिली जातात. डायसल्फिराम तर काही घरांत रुग्णाच्या नकळत चहात, भाजीत मिसळले जाते. त्यावर दारू प्यायली तर जीव जाऊ शकतो. येथेही काउंटरवरच्या फार्मासिस्टने ‘पेशंटला माहीत आहे ना?’ एवढे विचारले तरी अनर्थ टळेल. तंबाखूबाबत तर त्याचे हात आजही मोकळे आहेत. दोन मिलिग्रॅमचे निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळते. ते गुटख्यासारखे चघळून थुंकायचे नसते, थोडे चावून गालात ठेवायचे असते. हे न सांगता पाकीट हातात दिले जाते, आणि आठवड्याने गिऱ्हाईक ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून पुन्हा मावा मळू लागते.

अट बदलेपर्यंत ज्यांच्या घरात हा उपचार चालू आहे त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. लहान मुलाने एक गोळी खाल्ली तरी ती जिवावर बेतू शकते, लगेच रुग्णालय गाठावे. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरच्यांनी औषध परस्पर बंद करू नये, मात्रा कमी करायची तर डॉक्टरच महिनोन्‌महिने हळूहळू करतील. रुग्ण काही दिवस चुकला असेल तर उरलेली गोळी मनाने सुरू न करता केंद्रावर न्यावे. केंद्र कोठे आहे हे माहीत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे.